साभार परत आलेल्या कथेला बाजार कुठं?



नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या गावोगावच्या बचत गटांत आता लिहिणाऱ्या बायका काही कमी नाहीत. कुणी गटाच्या हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहितं, कुणी लेकरांच्या उरलेल्या वह्यांत. आम्हीही त्यांतल्याच. महिन्यातून एकदा गटाचा हप्ता भरून झाला की आम्ही सात-आठजणी मागं थांबतो आणि एकमेकींचं लिहिलेलं ऐकतो. त्या बैठकीत जे जे कळत गेलं ते आज तुमच्यापुढं मांडायचं आहे. विषय तसा पैशाचाच आहे. मासिकानं परत पाठवलेल्या कथेचे पैसे होऊ शकतात का, आणि होत असतील तर कुठं?

कथा पाठवली की तीन गोष्टी होतात. एक तर ती छापून येते. नाही तर ‘साभार परत’ असा निरोप येतो. नाही तर काहीच येत नाही. आपल्याकडं दुसरी-तिसरी गोष्टच जास्त होते. आणि मग घरात ऐकावं लागतं, “झालं का? रिकामे धंदे.” त्या दिवशी वही पत्र्याच्या पेटीत जाते आणि वर लुगडी पडतात. आमच्या गटात अशा पेटीत गेलेल्या कथा मोजल्या, तर एकवीस निघाल्या. एकवीस कथा म्हणजे कितीतरी रात्रींचं जागरण. एवढी मेहनत पेटीत ठेवून कसं चालेल?

आता जरा बाजार समितीकडं बघू. सोयाबीन घेऊन आपण लातूरच्या आडतीत गेलो आणि व्यापाऱ्यानं मूठभर दाणे हातात घेऊन सांगितलं की ओलावा जास्त आहे, तर आपण सोयाबीन नाल्यात ओततो का? नाही. वाळवून पुन्हा आणतो. काडीकचरा असेल तर चाळणी मारतो. माल चांगला आहे आणि तरी हा आडत्या घेईना, तर शेजारच्या आडतीत विचारतो. परत आलेल्या कथेचंही असंच आहे. ती का परत आली हे आधी बघायचं, मग पुढचं ठरवायचं.

कथा परत येण्याची कारणं साधारण पाच असतात. पहिलं, अंक आधीच भरलेला असतो. दुसरं, लांबी जमत नाही. तिसरं, विषय त्या मासिकाचा नसतो. विनोदी अंकाला रडवणारी कथा पाठवली तर ती कितीही चांगली असो, परतच येणार. चौथं, कथा आधी कुठंतरी छापलेली किंवा मोबाईलवर टाकलेली असते. आणि पाचवं, कथा अजून पिकलेली नसते. या पाचांतली पहिली चार कारणं कथेच्या गुणाशी संबंधितच नाहीत. ती बाजाराची कारणं आहेत. पाचवं तेवढं आपल्या हातातलं.

ते ओळखायचं कसं? आम्ही एक सोपी रीत धरली आहे. कथा लिहिणारीनं स्वतः वाचायची नाही, दुसरीनं मोठ्यानं वाचायची. वाचणारी जिथं अडखळते तिथं लिहिणारीनं खूण करायची. ऐकणाऱ्या जिथं चुळबुळ करतात, तिथं दुसरी खूण. शेवट ऐकून कुणी विचारलं, “मग पुढं काय झालं?” तर बघायचं, की ही उत्सुकता आहे की शेवट कळलाच नाही. बहुतेक वेळा सुरुवातीचं एक पान काढलं की कथा उभी राहते. पाऊस, पहाट, कोंबड्याची बांग असं बरंच लिहून झाल्यावर खरी कथा दुसऱ्या पानावर सुरू होते. तिथूनच सुरू करायची.

परत येणं हे काही फक्त आपल्याच वाट्याला आलेलं नाही. ‘सत्यकथा’ हे मासिक मराठी कथेत फार मानाचं होतं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे त्याचे संपादक. चोखंदळपणासाठी त्यांचा लौकिक होता. लेखकांना सविस्तर पत्रं जायची आणि कथा पुन्हा लिहून मागितल्या जायच्या. ज्यांना अशा मासिकांत जागा नव्हती, त्या तरुणांनी १९६०च्या दशकात स्वतःची अनियतकालिकं काढली आणि त्यातूनही मराठीला मोठे लेखक मिळाले. म्हणजे एक दार लागलं म्हणून वाडा संपत नाही.

आणि बेबीताई कांबळे आठवा. फलटणला दुकानात बसल्या बसल्या त्या लिहायच्या आणि लिहिलेलं वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. ते लेखन पुढं ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. त्यांचं लेखन कुणी परत पाठवलं नव्हतं. ते पाठवलंच गेलं नव्हतं. आपल्या पेटीतही असं किती पडलं असेल कोण जाणे.

आता दारं कुठली ते एकेक करून बघू.

पहिलं आणि सगळ्यांत मोठं दार दिवाळी अंकांचं. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तिथून ही परंपरा चालू झाली. आज दर दिवाळीला शेकड्यांनी अंक निघतात आणि कथेला सगळ्यांत जास्त मागणी तेव्हाच असते. पण प्रत्येक अंकाचं गिऱ्हाईक वेगळं. ‘आवाज’ विनोदासाठी ओळखला जातो. ‘धनंजय’ रहस्य, भय, गूढ अशा कथांसाठी. ‘माहेर’, ‘मेनका’ यांच्याकडं घरसंसाराच्या, नात्यांच्या कथा. १९८९ साली विद्या बाळ यांनी सुरू केलेलं ‘मिळून साऱ्याजणी’ बाईच्या आयुष्याकडं वेगळ्या डोळ्यांनी बघतं. गंगाधर पानतावणे यांनी छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादहून चालवलेल्या ‘अस्मितादर्श’नं दलित लेखकांच्या कितीतरी पिढ्या उभ्या केल्या. म्हणून अंक वाचल्याशिवाय कथा पाठवू नका. विकत घ्यायला पैसे नसतील तर तालुक्याच्या वाचनालयात दिवाळीनंतर अंकांची वेगळी योजना असते. चारजणींनी मिळून एक वर्गणी भरली तरी सगळ्यांचं वाचन होतं.

दिवाळी अंकाचा हंगाम लक्षात ठेवा. आपली पेरणी उरकते त्या सुमाराला संपादकांची निवड चालू असते. दसऱ्याला पाठवलेली कथा त्या दिवाळीला कशी येईल? उन्हाळ्यात, फार तर मृगाच्या आसपास कथा पोचायला हवी. अंकाच्या निवेदनात तारीख दिलेली असते, ती वहीत लिहून ठेवायची.

दुसरं दार लेकरांच्या मासिकांचं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं. ‘साधना’ साप्ताहिक दिवाळीत मोठ्या अंकासोबत बालकुमारांसाठीही अंक काढतं. मोठ्यांसाठी लिहिलेली एखादी कथा परत आली आणि तिच्यात एखादं पोर असेल, तर ती पोराच्या डोळ्यांनी पुन्हा लिहून बघा. आमच्यातल्या एकीनं ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबावर कथा लिहिली होती. लांबीमुळं ती परत आली. मग तिनं त्यातली गावात आजीपाशी ठेवलेली मुलगी उचलली आणि तिचीच चार पानांची गोष्ट केली. ती छापून आली. मानधन आलं ते चार दिवसांच्या खुरपणीच्या रोजाएवढं. मूळ मोठी कथा अजून तिच्याकडंच आहे, तीही फिरतीवर आहे.

तिसरं दार रेडिओचं. परभणीची आकाशवाणी आपल्या भागात घरोघरी ऐकली जाते. आकाशवाणी कथाकथनासाठी, नाट्यासाठी लेखकाशी रीतसर करार करते आणि मानधन देते. रेडिओची कथा मात्र वेगळी. दहा मिनिटांत साधारण हजार शब्द बसतात. पात्रं दोन-तीनच हवीत, नाहीतर ऐकणारीला कळत नाही कोण बोलतंय. वाक्यं आखूड ठेवायची. ज्या कथेत संवाद जास्त आहेत म्हणून मासिकानं परत केली, तीच रेडिओला चालून जाते. केंद्रावर पत्र पाठवून विचारायला कुणाची ओळख लागत नाही.

चौथं दार कथास्पर्धांचं. मासिकं, वाचनालयं, साहित्य संस्था स्पर्धा घेतात. इथं एक चाळणी लावा. प्रवेश फी किती, बक्षीस किती, परीक्षक कोण आणि मागच्या वर्षीचा निकाल कुठं छापलाय, हे चार प्रश्न विचारायचे. चारही उत्तरं सरळ आली तरच पाठवायचं.

पाचवं दार मोबाईलचं. २०१४ साली सुरू झालेलं ‘प्रतिलिपी’ आपल्या बऱ्याच जणी वाचतात. तिथं कुणाच्या परवानगीशिवाय कथा टाकता येते, वाचणाऱ्या लगेच अभिप्राय देतात आणि वाचक वाढले तर थोडे पैसेही मिळू शकतात. पण ते पैसे मुख्यतः लांबलचक मालिका लिहिणारीला, नेमानं लिहिणारीला. शिवाय एकदा मोबाईलवर टाकलेली कथा बहुतेक मासिकं ‘अप्रकाशित’ धरत नाहीत. म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे. आधी मासिक, मग रेडिओ आणि सगळीकडून फिरून आली तर शेवटी मोबाईल. उलटं केलं की पहिली दोन दारं आपणच लावून घेतो.

सहावं दार पुस्तकाचं. दहा-बारा कथा जमल्या असतील आणि पहिलं पुस्तक करायचं असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. हे मंडळ १९६० साली स्थापन झालं. योजनेत कथा, कविता, कादंबरी अशा प्रकारांतल्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी अनुदान मिळतं. मंडळ अर्ज मागवतं तेव्हा वर्तमानपत्रात येतं. वाचनालयातल्या ताईला किंवा गावातल्या गुरुजींना सांगून ठेवा, की जाहिरात दिसली की कळवा.

वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्याही आहेत. तिथं छोटी कथा, अनुभव लवकर छापून येतो, पण पैसे मिळतीलच असं नाही. पहिल्यांदा नाव छापून येण्याचं मोलही असतं, ते नाकारायचं नाही. फक्त आपण काय फुकट देतोय आणि का, हे मनाशी ठरवून द्यायचं. लग्नातलं जेवण रांधायला आपण हौसेनं जातो आणि खानावळीत रांधायला मजुरी घेतो. दोन्ही बरोबर, पण दोन्हींत गल्लत नको.

आता पाठवायचं कसं, ते सांगतो. पानाच्या एकाच बाजूला, समास सोडून, स्वच्छ अक्षरात लिहा किंवा युनिकोडमध्ये टाईप करा. टायपिंग येत नसेल तर मोबाईलला बोलून दाखवा, तो मराठी उमटवतो. मात्र नंतर ऱ्हस्व-दीर्घ कुणाकडून तरी तपासून घ्या. मूळ प्रत कधीच पाठवायची नाही. सोबत चार ओळींचं पत्र: कथेचं नाव, शब्दसंख्या, कथा स्वतःची आणि अप्रकाशित आहे हे, आणि आपला पत्ता-फोन. ‘मी अडाणी आहे, सांभाळून घ्यावे’ असलं काही लिहू नका. आपण माल दाखवायला चाललोय, भीक मागायला नाही. एका वेळी एक कथा एकाच ठिकाणी. तीन महिने झाले तरी उत्तर नाही, तर एक साधं पत्र किंवा मेसेज: कथेचा निर्णय कळवावा, नाहीतर ती दुसरीकडं पाठवत आहे. एवढं कळवलं की आपण मोकळ्या.

आणि एक वही करा. पाच रकाने: कथेचं नाव, कुठं पाठवली, कधी पाठवली, काय उत्तर आलं, पैसे किती आले. कर्जाच्या हप्त्यांची वही आपण बिनचूक ठेवतो. ही वही तशीच ठेवायची. परत आलेली कथा आठ दिवसांच्या आत पुढच्या ठिकाणी निघाली पाहिजे, असा आम्ही नियमच केलाय. ती घरात जास्त दिवस राहिली की पेटीत जाते.

आता पैशाचं आणि हक्काचं बोलू. कथा स्वीकारल्याचं कळलं की विचारायचं: मानधन किती आणि कधी? विचारल्यानं कथा परत जात नाही. आमच्यातल्या एकीची कथा एका अंकात छापून आली, अंकही घरी आला, पण पैसे आले नाहीत. तिनं दोनदा लिहिलं, उत्तर नाही. वहीत त्या अंकापुढं तांबडी खूण आहे. आता आमच्यातली कुणी तिथं पाठवत नाही. दुसरीला फोन आला, की तुमची कथा राज्यातल्या निवडक कथांच्या पुस्तकात घेतोय, इतके रुपये भरा, सन्मानचिन्ह मिळेल. तिनं विचारलं, “माझा माल तुम्ही घेताय, तर पैसे मी का भरू?” फोन बंद झाला. पैसे देऊन छापणं हा कथेचा बाजार नव्हे.

कायद्याचं थोडं, पण कामाचं. कथा लिहिली की तिचा स्वामित्वहक्क आपोआप आपला. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. हक्क मिळायला नोंदणीची सक्ती नाही. हा हक्क लेखक हयात असेपर्यंत आणि पुढं साठ वर्षं राहतो. म्हणजे आपल्या मागं लेकरांचा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो, तोंडी चालत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणून कागदावर ‘सर्व हक्क कायमचे’ असं दिसलं तर सही करण्याआधी थांबा. ‘फक्त एकदा छापण्याचा हक्क’ असं लिहून मागा. जमीन बटईनं देणं आणि खरेदीखत करून देणं यातला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको. हेही तसंच.

हल्ली यूट्यूबवर कथा वाचून दाखवणारे पुष्कळ आहेत. आपली कथा कुणी न विचारता वाचली असेल तर तो हक्कभंग आहे. हक्क आपला आहे असं लेखी कळवता येतं आणि यूट्यूबकडंच तक्रारही करता येते. त्यासाठी कथा कधी लिहिली, कुठं पाठवली याची वही पुन्हा कामाला येते.

आणखी एक अडसर आपल्या मनातला असतो. “आपली भाषा पुण्या-मुंबईची नाही, म्हणून परत येत असेल.” लातूर तालुक्यातल्या काटगावचे रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी गावच्या शिंप्याची बायको सांगते, आपल्याच बोलीत. भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ टोमॅटोच्या पडलेल्या भावाची कथा आहे. परभणीचे आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२२ साली उदगीरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष होते कथाकार भारत सासणे. मराठवाड्याच्या मातीला मराठी कथेत कधीच मान मिळालाय. देगलूर-बिलोलीकडची तेलुगू मिसळलेली मराठी, उदगीर-निलंग्याकडची कानडी वळणाची मराठी, किनवट-माहूरकडचं तांड्यावरचं बोलणं, हे सगळं आपलं भांडवल आहे. फक्त वाचणाऱ्याला अर्थ लागेल एवढी सोय करायची. संवाद बोलीत, निवेदन सोपं.

एक जपून करायचं मात्र आहे. गावातल्या खऱ्या बाईची कथा लिहिताना तिचं नाव, तिचं घर, तिची ओळख पटेल अशी खूण बदला. कथा छापून आल्यावर आपल्याला पैसे मिळतील, पण त्याच गावात तिला राहायचं आहे. तिच्या दुःखावर आपण मोठं व्हायचं आणि तिनं पाण्यावर जाताना मान खाली घालायची, हे आपल्या गटाला शोभणार नाही.

आणि शेवटी, पैसे कुणाच्या खात्यात? मानधनासाठी संपादक बँकेचा तपशील मागतात. तो आपल्या स्वतःच्या खात्याचा द्या. गटामुळं आपल्यातल्या बहुतेकींचं खातं आहेच. रक्कम लहान असेल, खताच्या एका पोत्याचीही नसेल. पण मजुरीचे पैसे घरात येतात तेव्हा ते घराचे होतात, आणि कथेचे पैसे येतात तेव्हा पासबुकावर आपल्या अकलेची नोंद होते. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई तिच्या लिहिण्यावर चिडायच्या. पैसे जमा झाल्याचा मेसेज नातवानं वाचून दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, “बसून बसून मिळाले व्हय?” दुसऱ्या दिवशी रात्री भांडी त्यांनी घासली. बाकी काही बोलल्या नाहीत.

मैत्रिणींनो, पुढच्या हप्त्याच्या बैठकीला एवढंच करा. जिच्या पेटीत परत आलेली कथा आहे तिनं ती घेऊन यावं. एकीनं वाचावी, बाकीच्यांनी ऐकावी, कारण शोधावं आणि वहीत पहिली ओळ लिहावी: कथेचं नाव, आणि ती आता कुठं निघाली आहे. पत्ता घालायला, टाईप करायला, पोस्टात टाकायला एकमेकींना हात द्या. एकटीला परत आलेलं पाकीट फार जड वाटतं. सातजणींत ते फक्त पुढं पाठवायचं पाकीट असतं.